नाइट म्हणजे सरदार, शिलेदार की नुसता स्वार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पंधराव्या शतकातल्या युरोपवरची एक इंग्रजी कादंबरी तुम्ही मराठीत आणताय. त्यात ‘नाइट’साठी कुठे सरदार, कुठे शिलेदार, कुठे वीर, कुठे घोडेस्वार असं पडत गेलं, आणि आता संपादकांनी ‘एकच काय ते ठरवा’ म्हणून हस्तलिखित परत पाठवलंय. शिवाय स्क्वायर, मार्शल, कॉन्स्टेबल, शिव्हलरी यांचं काय करायचं आणि पात्रांना लावलेला ‘सर’ कसा ठेवायचा, हेही विचारलंय.

माझं पोट अशीच भाषांतरं करण्यावर आणि दुसऱ्यांची तपासण्यावर चालत आलंय, तेव्हा जरा सविस्तर सांगतो. आधी निकाल देऊन टाकतो: नाइटला ‘नाइट’च ठेवा. पण तेवढ्यावर थांबलात तर घोडं पुढच्याच पानावर पेंड खाईल. कारण हा शब्द वेगवेगळ्या भाषांत वेगवेगळ्या बाजूने धरलेला आहे, आणि इंग्रजी कादंबरीकाराने फ्रेंच, जर्मन, लॅटिन साधनं वाचून त्या सगळ्यांना एकाच ‘नाइट’मध्ये कोंबलेलं असतं.

इंग्रजी शब्दात घोडा मुळात नाहीच. जुन्या इंग्रजीत ‘क्निख्त’ म्हणजे पोरगा, मग घरातला पोऱ्या, मग धन्याच्या पदरी हत्यार धरणारा माणूस. तिथून तो वर चढत गेला. त्याचाच जर्मन भाऊ ‘क्नेख्त’ मात्र जिथल्या तिथे राहिला, त्याचा अर्थ नोकर, गडी. सोळाव्या शतकातले भाडोत्री पायदळ सैनिक ‘लान्ड्सक्नेख्त’ म्हणवले जात, ते याच शब्दावरून. जर्मनांनी आपल्या नाइटला ‘रिटर’ म्हटलं, म्हणजे मुळात नुसता बसणारा, स्वार. पुढे साध्या घोडेस्वाराला ‘राइटर’ आणि मानाच्या स्वाराला ‘रिटर’ अशी फारकत झाली. एका स्वराचा फरक, पण एक तबेल्यात आणि दुसरा वंशावळीत.

फ्रेंच ‘शव्हालिए’, स्पॅनिश ‘काबायेरो’, इटालियन ‘काव्हालिएरे’ हे तिघे सरळ घोड्यावरून आले, पण कुठल्या घोड्यावरून ते पाहा. लॅटिनमध्ये घोड्याचा प्रतिष्ठित शब्द ‘एक्वुस’, आपल्या ‘अश्व’चा सख्खा नातलग. ‘काबाल्लुस’ हा बाजारातला शब्द, ओझ्याच्या किंवा थकलेल्या घोड्यासाठीचा. साम्राज्य गेलं, बोलीभाषा उरल्या आणि एक्वुस मागे पडला. त्याच्या घोडीचं नाव तेवढं स्पॅनिशमध्ये ‘येग्वा’ म्हणून टिकून राहिलं. म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मानाच्या पदव्यांपैकी एक पदवी तट्टावरून निघालेली आहे. आपल्याकडेही ‘अश्व’ पोथीत राहिला आणि रोजच्या तोंडी ‘घोडा’ बसला. ‘तट्टू’ तर भीमथडीचं असलं की अभिमानाचं आणि भाडोत्री असलं की शिवी.

आता लॅटिन. अकराव्या-बाराव्या शतकातल्या सनदांत नाइटला ‘मिलेस’ म्हणतात. अभिजात लॅटिन शिकलेला माणूस त्याचं भाषांतर ‘सैनिक’ करतो आणि फसतो. उलट प्राचीन रोममधल्या ‘एक्विटीस’ना इंग्रजी पुस्तकं सर्रास नाइट म्हणतात आणि तिथे आपण फसतो. सुरुवातीला त्यांच्यातल्या काहींना सरकारी घोडा मिळे हे खरं, पण ऑगस्टसच्या काळापर्यंत तो चार लाख सेस्टर्स (रोमन नाणी) एवढ्या मालमत्तेवर ठरणारा वर्ग झाला होता. त्यात मक्तेदार, सावकार, अधिकारी असे लोक होते. अथेन्समध्ये सोलनने केलेल्या चार वर्गांतला दुसरा वर्गही ‘हिप्पेइस’, म्हणजे घोडेवाले. निकष शेतीच्या उत्पन्नाचा, ३०० मापं. घोडा परवडतो का, एवढाच खरा प्रश्न. तुमच्या कादंबरीत एखादा पाद्री रोमन इतिहासाचा दाखला देत असेल तर तिथला ‘नाइट’ बदलून ‘एक्विटीस’ करा.

आता आपले शब्द. ते टाकाऊ आहेत म्हणून मी नको म्हणत नाही. ते फार नेमके आहेत, हीच अडचण आहे.

शिवकालीन घोडदळाची घडी सभासदाने आपल्या बखरीत दिलीय: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सगळ्यांवर सरनोबत. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. यात बारगीर म्हणजे पागेतल्या, सरकारी घोड्यावर बसणारा. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला आलेला. पागा ही धन्याची, म्हणून तिचा भरवसा जास्त. शिलेदार तिच्या हुकमतीखाली ठेवलेले. हा सगळा भेद एकाच प्रश्नावर उभा आहे: घोडा कोणाचा?

युरोपातला नाइट या प्रश्नाने ठरत नाही. तो ठरतो विधीने. कुणीतरी अधिकारी माणूस त्याला नाइट करतो, खांद्यावर तलवार टेकवतो, कमरेला तलवार बांधतो, तेव्हापासून तो नाइट. त्यानंतर घोडा मेला, विकला, गहाण पडला तरी तो नाइटच. त्याच रणांगणात तसंच चिलखत घालून, तसल्याच घोड्यावर बसलेला माणूस विधी झालेला नसेल तर नाइट नसतो, त्याला नुसतं ‘मॅन-अॅट-आर्म्स’ म्हणतात. तुम्ही नाइटला शिलेदार म्हटलंत की मराठी वाचक मनातल्या मनात घोड्याची मालकी तपासू लागतो, आणि विधीचा प्रसंग आला की त्याला कळत नाही की हा काल शिलेदार होता, मग आज पुन्हा काय झाला.

‘सरदार’ तर त्याहून गैर. सरदार म्हटला की पथक आलं, सरंजाम आला. नाइटांमध्ये तसे होते, पण कफल्लकही होते. विल्यम मार्शलचं उदाहरण घ्या. बाराव्या शतकातला धाकटा मुलगा, वारसा जवळजवळ नाही. नुकताच नाइट झाला आणि नॉर्मंडीतल्या पहिल्याच चकमकीत त्याचा घोडा मारला गेला. दुसरा घ्यायला पैसे नाहीत, म्हणून त्याने स्वतःच्या अंगावरचा झगा विकून एक साधं ओझ्याच्या लायकीचं घोडं घेतलं. या माणसाला त्या दिवशी सरदार कसं म्हणणार? पुढे तो पेम्ब्रोकचा अर्ल झाला, १२१६ मध्ये अल्पवयीन तिसऱ्या हेन्रीच्या वतीने इंग्लंडचा कारभार पाहू लागला. तेव्हा त्याला सरदार म्हणा, हवं तर कारभारी म्हणा. नाइट तो दोन्ही वेळी होता.

‘घोडेस्वार’ही चालत नाही. इंग्रजांविरुद्धच्या अॅजिनकोर्टच्या लढाईत, १४१५ मध्ये, फ्रेंच नाइटांचा मोठा भाग चिखलातून पायीच चालून गेला. तुमच्या कादंबरीचा काळ तोच दिसतोय. ‘घोडेस्वार चिखल तुडवत चालत होते’ असं छापून आलं तर वाचक मुद्रितशोधकाला दोष देईल. मात्र जिथे मूळ लेखकाने ‘रायडर’, ‘हॉर्समन’ लिहिलंय तिथे बिनधास्त ‘स्वार’ लिहा. तो फारसीतून आलेला, मुळातच ‘घोड्याने वाहून नेलेला’ या अर्थाचा शब्द आहे आणि त्यात मानपान काही नाही. ‘राऊत’ मात्र नको. मूळ राजपुत्र, मग घोडेस्वार, आता आडनाव. वाचकाला शेजारचे राऊतच आठवणार.

शिलेदार आणि बारगीर या दोघांच्या जन्मकथा युरोपातल्या शब्दांइतक्याच वाकड्यातिकड्या आहेत. शिलेदार फारसी ‘सिलाहदार’वरून आला, म्हणजे हत्यार बाळगणारा. घोडा त्यात नाहीच, जसा इंग्रजी नाइटमध्ये नाही. तुर्की दरबारात सिलाहदार हा सुलतानाची तलवार सांभाळणारा मानकरी होता. आपल्याकडे येऊन तो घोड्याचा मालक झाला. पुढे इंग्रजांनी हीच पद्धत ‘सिलादार’ म्हणून उचलली. भरती होणारा स्वार घोड्याची आणि सामानाची रक्कम भरून आपली ‘असामी’, म्हणजे पलटणीतली जागा, विकत घेई. पहिल्या महायुद्धात घोडे इतके मेले आणि देश इतके दूरचे की ती पद्धत टिकली नाही. बारगीर तर मुळात ओझं वाहणारं जनावर, मग त्या जनावरावर बसणारा माणूस. तोच शब्द नागपूरकर भोसल्यांच्या फौजांबरोबर १७४० च्या दशकात बंगालमध्ये गेला आणि तिथे ‘बर्गी’ झाला. बंगाली आया आजही मुलांना झोपवताना म्हणतात त्या अंगाईत बर्गी येतात, ते लुटारू म्हणून. आपल्या हिशेबवहीतला सरकारी चाकर तिकडचा बागुलबुवा झाला. मराठी माणसाने बंगालीतून भाषांतर करताना ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी.

स्क्वायरचा मूळ अर्थ ढाल वाहणारा. लॅटिन ‘स्कुटारियुस’, फ्रेंच ‘एक्युये’, स्पॅनिश ‘एस्कुदेरो’. तुमच्या काळासाठी ‘उमेदवार’ म्हणावंसं वाटेल, पण प्रत्येक स्क्वायर पुढे नाइट होतोच असं नाही. खर्च परवडत नाही म्हणून जन्मभर स्क्वायर राहिलेले कितीतरी होते. मी ‘ढालाईत’ हा शब्द पसंत करतो. तो मराठीत जुना आहे आणि कामाचं वर्णनही करतो. पण कथा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली असेल तर स्क्वायर म्हणजे गावचा जमीनदार, आणि नावापुढचा ‘एस्क्वायर’ म्हणजे निव्वळ ‘श्रीयुत’.

ढाल आणि घोडा या दोन शब्दांची खरी गंमत पाहायची तर सेर्व्हान्तेसच्या ‘दोन किहोते’ (आपल्याकडचा ‘डॉन क्विक्झोट’) या कादंबरीच्या मूळ स्पॅनिशमध्ये पाहा. किहोतेचा एस्कुदेरो सान्चो पान्सा म्हणतो, मी गाढव घेऊन येतो, मला चालायची सवय नाही. दोन किहोते विचारात पडतो: कुठल्या भटक्या काबायेरोने आपला एस्कुदेरो गाढवावर बसवून नेल्याचं वाचनात आहे का? सेर्व्हान्तेसने ‘गाढवावर बसलेला’ यासाठीही ‘काबायेरो’ हाच शब्द वापरलाय आणि त्याला ‘गाढवपणे’ असं एक क्रियाविशेषण जोडलंय. एकाच वाक्यात काबायेरो दोनदा, एकदा पदवी म्हणून आणि एकदा नुसता बसलेला म्हणून. मराठीत मी याचं असं केलं असतं: ‘कोण्या अश्ववीराचा ढालाईत गर्दभवीर होऊन निघाल्याचं त्याला आठवेना.’ शब्दशः नाही, पण कोपरखळी शाबूत राहते. ‘अश्ववीर’ हा शब्द मी एरवी हाताळणारही नाही. इथे थट्टाच करायची आहे म्हणून चालतो.

त्याच पुस्तकाच्या १६१५ सालच्या दुसऱ्या भागात सान्चो गावातली कुजबूज सांगतो. गावचे ‘इदाल्गो’ म्हणतात, हा गृहस्थ आपल्या पायरीवर राहीना. चार द्राक्षवेली आणि दोन नांगरांची जमीन एवढ्या भांडवलावर नावाआधी ‘दोन’ ही मानाची उपाधी लावून काबायेरो व्हायला निघालाय. आणि काबायेरो म्हणतात, हे असले बूट काजळीने काळे करणारे आणि काळे मोजे हिरव्या रेशमाने शिवणारे इदाल्गो आमच्या पंक्तीला नकोत. इंग्रजी अनुवादांत दोघांनाही कधी ‘जंटलमन’, कधी ‘नाइट’ केलेलं सापडतं आणि भांडणच नाहीसं होतं. इदाल्गो म्हणजे जन्माने कुलीन, करमाफी असलेला, बहुधा ओढग्रस्तीत. काबायेरो म्हणजे पैसा आणि घोडा दोन्ही बाळगून त्याच्या वरचा. आज स्पेनमध्ये काबायेरो ही पाटी पुरुषांच्या स्वच्छतागृहावर असते. गोव्यातली जुनी पोर्तुगीज कागदपत्रं वाचणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं: ‘काव्हालेइरु’ म्हणजे स्वार किंवा नाइट, आणि स्पॅनिशमधून आलेला ‘काव्हाल्येइरु’ म्हणजे सभ्य गृहस्थ. हस्ताक्षर वाईट असलं की एका अक्षराने माणूस घोड्यावर चढतो किंवा उतरतो.

मार्शल आणि कॉन्स्टेबल हे दोन्ही तबेल्यातले. मार्शल म्हणजे जुन्या जर्मानिक भाषेत घोड्यांचा नोकर, आपला मोतद्दार. कॉन्स्टेबल म्हणजे ‘कोमेस स्ताबुली’, तबेल्याचा प्रमुख, आपल्या भाषेत पागेचा दरोगा. दोघेही राजाच्या घोड्यांजवळ म्हणून राजाजवळ, आणि राजाजवळ म्हणून मोठे झाले. अॅजिनकोर्टला फ्रेंच सैन्याचं नेतृत्व करताना पडलेला शार्ल दाल्ब्रे हा फ्रान्सचा कॉन्स्टेबल होता, म्हणजे सरसेनापतीच्या तोडीचा. फ्रान्समध्ये ते पद १६२७ मध्ये बंद झालं. इंग्लंडात त्याच नावाचा गावकामगार होता, तो पोलिसात गेला आणि तिथून आपल्या नाक्यावर आला. फ्रेंचमध्ये मारेशाल आजही सैन्यात सर्वोच्च आहे, आणि ‘मारेशाल-फेराँ’ आजही नाल ठोकणारा नालबंद आहे.

आपला हवालदारही असाच फिरत आलाय. सभासदाच्या पागेत पंचवीस स्वारांचा नायक, आज पोलिसात हेड कॉन्स्टेबल. दोन वेगळ्या खंडांतल्या तबेल्यांतून निघालेले दोन शब्द मुंबईच्या एकाच चौकीत एकमेकांना सलाम ठोकतात. तुमच्या कादंबरीत कॉन्स्टेबलला ‘सरनोबत’ करायचा मोह आवरा. ‘फ्रान्सचा कॉन्स्टेबल, म्हणजे राजाचा सेनापती’ असं पहिल्या उल्लेखातच एकदा सांगून टाका आणि पुढे सेनापती म्हणा. गडाचा कॉन्स्टेबल आला तर तो किल्लेदार. मार्शल मात्र ‘मार्शल’ चालेल, वाचकाला फील्ड मार्शलमुळे तो ओळखीचा आहे.

शिव्हलरीसाठी शब्दकोश ‘स्त्रीदाक्षिण्य’ देतात. हा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी बैठकीच्या खोलीतला अर्थ आहे. पंधराव्या शतकात फ्रेंच ‘शव्हालरी’ म्हणजे एक, घोडदळ. दोन, नाइटांचा समुदाय. तीन, पराक्रमाची कृती. चार, त्यांची आचारसंहिता, आणि त्यात बायकांशी अदबीने वागणं हे एक लहानसं कलम. हाच शब्द इटालियनमधून दुसऱ्यांदा इंग्रजीत आला तो ‘कॅव्हलरी’ म्हणून, फक्त घोडदळाच्या अर्थाने, तेव्हा कुठे पहिल्यावरचा भार हलका झाला. तेव्हा ‘फ्रान्सची सगळी शिव्हलरी त्या दिवशी कापली गेली’ हे वाक्य आलं तर तिथे दाक्षिण्य नको, ‘सगळे नाइट’ किंवा ‘सगळे नामांकित वीर’ म्हणा. आचारसंहितेच्या अर्थाने येईल तिथे ‘नाइटधर्म’ करा. क्षात्रधर्म नको, त्यात वर्ण आला. ‘कॅव्हलिअर’ तुमच्या कथेत यायला नको, तो दोनशे वर्षांनंतरचा. १६४० च्या दशकात संसदेच्या बाजूने राजाच्या माणसांना दिलेली शिवी, आणि आजच्या इंग्रजीत विशेषण म्हणून आला की ‘बेफिकीर’.

कॅव्हलरीचा घोडाही कधीच गेलाय. १८१७ मध्ये पेशव्यांशी झालेल्या तहातून उभी राहिलेली पूना हॉर्स आज भारतीय लष्करात ‘१७ हॉर्स’ आहे आणि तिच्याकडे रणगाडे आहेत. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये एकही घोडा न पाहता कॅव्हलरी पाहता येते. चिलखती दलातला शिपाई अजून ‘सवार’, त्याच्यावर दफेदार, रिसालदार. तुमच्या अनुवादाचा याच्याशी संबंध नाही, पण आजच्या काळातली युद्धकथा हाती आली तर ‘सवार’चं ‘घोडेस्वार’ करू नका, एवढ्यासाठी सांगितलं.

आणखी दोन खड्डे. ‘नाइट बॅचलर’ म्हणजे अविवाहित नाइट नव्हे. बॅचलर म्हणजे कनिष्ठ, स्वतःचं निशाण नसलेला. लग्न झालेले, नातवंडं असलेले नाइट बॅचलर भरपूर आहेत. दुसरं, ‘ग्रूम’ म्हणजे साईस आणि ‘ब्राइडग्रूम’ म्हणजे नवरदेव, यांचा मुळात संबंध नाही. नवरदेवातला तो तुकडा जुन्या इंग्रजीतल्या ‘गुमा’वरून, म्हणजे माणूस, पुढे ग्रूमच्या ओळखीने बिघडलेला. आपल्याकडे नवरदेवच घोड्यावर आणि साईस लगाम धरून खाली, म्हणून हा घोळ आपल्याला अजिबात खटकत नाही.

‘नाइट’ ठेवण्याला एकच खरी हरकत आहे आणि तुमचे संपादक ती काढतीलच: देवनागरीत रात्रीची ‘नाइट’ आणि हा ‘नाइट’ एकसारखेच दिसतात. कोलकात्याच्या क्रिकेट संघाचे पाठीराखे स्वतःला रात्रीचे स्वार समजत असतील तर त्यांचा दोष नाही. ऐतिहासिक कादंबरीत मात्र गोंधळ होत नाही, कारण तिथे नाइट ड्यूटी नसते. पहिल्या उल्लेखाला ‘नाइट ही पदवी’ असं लिहा, अनेकवचन ‘नाइट’च ठेवा, सामान्यरूप ‘नाइटाने, नाइटांना’. पुस्तकाच्या मागे शब्दार्थांची यादी जोडू नका, कोणी वाचत नाही.

बुद्धिबळाचा प्रसंग असेल तर मात्र नाइट सोडा आणि ‘घोडा’ लिहा. तिथे आपली बाजू पूर्ण वरचढ आहे: फारसीत तो ‘अस्प’, स्पॅनिशमध्ये ‘काबायो’, रशियनमध्ये ‘कोन’, सगळे घोडेच. फ्रेंच त्याला स्वार म्हणतात, जर्मन ‘श्प्रिंगर’, म्हणजे उड्या मारणारा. इंग्रज पटावर घोड्याचं मुंडकं ठेवून त्याला नाइट म्हणतात. पात्र ‘माझा नाइट गेला’ म्हणत असेल आणि त्यातून पुढे खरा नाइट मरणार असेल, तर तो श्लेष मराठीत जाणार नाही. एखादं वाक्य वाढवून ‘घोडा गेला, स्वारही जाईल’ असं काहीतरी करा.

राहिला ‘सर’. नियम सोपा: ‘सर’ पहिल्या नावाला लागतो, आडनावाला एकट्याला कधीच नाही. १८४२ मध्ये नाइट झालेले जमशेटजी जीजीभॉय हे ‘सर जमशेटजी’, ‘सर जीजीभॉय’ नव्हे. मराठीत हा नियम मोडला की गंमत होते, कारण आपला सर आडनावामागे येतो आणि तो शाळेत शिकवतो. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर म्हणजे नाइट. ‘भांडारकर सर’ म्हणजे त्यांचे डेक्कन कॉलेजातले विद्यार्थी आज असते तर ज्या नावाने हाक मारती ते. तुमच्या हस्तलिखितात संवादांमध्ये ‘हो सर’, ‘नाही सर’ दिसतंय. मालकाला उद्देशून असेल तिथे ते ‘जी’, ‘धनी’ किंवा ‘महाराज’ करा आणि ‘सर’ फक्त नावाआधी राखून ठेवा. आणि एक तपासणी कराच: कथानायकाला नाइट केल्याचा प्रसंग ज्या प्रकरणात आहे, त्याच्या आधीच्या पानांवर कोणी त्याला ‘सर’ म्हणत असेल तर तो काढा. संगणकावर शोधून हे काम अर्ध्या तासात होईल. ‘सरकार’, ‘सरळ’ आणि ‘सरपण’ही सापडतील, ते सोडून द्या.